औषध कोणते, याआधी दुरुस्ती कोणती बिघडली ते तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून २०२२ मध्ये डोस्टार्लिमॅब या औषधाची बातमी आली आणि वृत्तपत्रांतून, त्याहून जास्त व्हॉट्सॲपवरून, ‘कॅन्सर सहा महिन्यांत बरा’ असा गजर झाला. बातमी खोटी नव्हती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये गुदाशयाचा कर्करोग असलेल्या १२ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम याप्रमाणे सहा महिने हे औषध दिले गेले आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. तोवर ऑपरेशन, शेक (रेडिएशन), केमो यांपैकी काही लागले नव्हते. सांगताना एक ओळ मात्र बहुतेक ठिकाणी गळली. हे बाराही जण निवडून घेतलेले होते. त्यांच्या गाठीत डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांपैकी एखादी जोडी कामातून गेलेली होती. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे पाच ते दहाच निघतात. बाकीच्यांना या औषधाने तसा गुण येत नाही. त्यामुळे ज्यांना उपयोग नाही ते औषधाची किंमत विचारत फिरतात आणि ज्यांना होऊ शकेल त्यांतल्या अनेकांची तपासणीच झालेली नसते.

आमचे म्हणणे त्या तपासणीबद्दल आहे. मोठे आतडे, गुदाशय, गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय, स्वादुपिंड, पसरलेला प्रोस्टेटचा आणि काही स्तनांचे कर्करोग, इतक्या ठिकाणी आज ‘दुरुस्तीचे कोणते प्रथिन बंद आहे’ या प्रश्नावर औषध ठरते. हा प्रश्न बायोप्सीचा रिपोर्ट हातात येतो तेव्हाच विचारायला हवा. आपल्याकडे तो बहुधा दोन-तीन प्रकारची केमो होऊन गेल्यावर निघतो, आणि तोवर कधी ब्लॉक (बायोप्सीचा मेणात बसवलेला तुकडा) हरवलेला असतो, कधी खराब झालेला असतो.

आधी थोडे शास्त्र. आपल्या प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडतो. त्याला तंबाखू किंवा क्ष-किरणच लागतात असे नाही. शरीराची ऊब, पाणी आणि प्राणवायू एवढ्यावरही तो झिजतो. दुरुस्तीची यंत्रणा हे सगळे गुपचूप निस्तरत असते. ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ संकार यांना मिळाले. यंत्रणा एक नाही. नक्कल करताना चुकलेले अक्षर दुरुस्त करणारी प्रथिने वेगळी, एक धागा तुटला तर धावणारी वेगळी, दोन्ही धागे तुटले तर लागणारी आणखी वेगळी. ‘डीएनए दुरुस्ती बिघडली’ एवढ्याने उपचाराला काहीच दिशा मिळत नाही. कोणती बिघडली, ते कळले पाहिजे.

नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या पहिल्या गटात एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही चार प्रथिने येतात. ती जोडीने राहतात: एमएलएच-१ बरोबर पीएमएस-२, आणि एमएसएच-२ बरोबर एमएसएच-६. प्रत्येक जोडीतले पहिले प्रथिन गेले की दुसरे टिकत नाही. दुसरे गेले तर पहिले मात्र टिकते. म्हणून एमएलएच-१ बिघडले की रिपोर्टमध्ये दोन प्रथिने नाहीशी दिसतात, आणि पीएमएस-२ बिघडले की एकच. ही जोडी बंद पडलेल्या पेशीत नकलेच्या चुका साचत जातात, त्यातून शेकडो वेडीवाकडी प्रथिने तयार होतात आणि शरीराच्या प्रतिकारपेशींना ती परकी वाटतात. गाठ त्या पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरते. डोस्टार्लिमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब तो ब्रेक सोडवते, आणि आधीच चिडलेल्या प्रतिकारपेशी पुढचे काम करतात. म्हणजे औषध दुरुस्तीच्या प्रथिनाला हातही लावत नाही. ते प्रथिन नसल्याचा फायदा घेते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला कर्करोग कोणत्या अवयवाचा आहे हे न पाहता, केवळ या बिघाडाच्या आधारे मान्यता दिली. तसे पहिल्यांदाच घडत होते. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात हा बिघाड असला, तर सुरुवातीलाच हे औषध दिल्यावर आजार सरासरी १६.५ महिने आटोक्यात राहिला, केमोने ८.२ महिने, असे २०२० च्या चाचणीत दिसले. या औषधांचा त्रास वेगळा असतो. थायरॉइड, फुप्फुस, आतडे यांवर स्वतःच्याच प्रतिकारपेशी उलटतात. औषध चालू असताना जुलाब लागले तर नेहमीची जुलाबाची गोळी घेऊन घरी बसू नये. वेळेत स्टिरॉइड लागू शकते.

तपासणी अजिबात अवघड नाही. बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर चार रंग-तपासण्या होतात, त्यांना आयएचसी म्हणतात. पेशीच्या केंद्रकात तपकिरी रंग आला तर प्रथिन जागेवर आहे. हे सगळे काही हजार रुपयांत होते. तरीही इथे चुका होतात, आणि त्या ठरावीक आहेत.

सर्वांत मोठी गफलत ‘निगेटिव्ह’ या शब्दाची. नातेवाईक ‘एमएलएच-१ निगेटिव्ह’ वाचून सुटकेचा श्वास सोडतात. इथे निगेटिव्ह म्हणजे प्रथिन गेलेले, बिघाड आहे. बीआरसीए या जनुकांच्या (त्यांच्याबद्दल पुढे) रिपोर्टमध्ये नेमके उलट असते, तिथे पॉझिटिव्ह म्हणजे बिघाड. आमची पॅथॉलॉजिस्ट मित्रांना विनंती आहे की पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सोडून ‘केंद्रकात प्रथिन आहे’ किंवा ‘प्रथिन नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि शेवटी एका वाक्यात अर्थ द्यावा.

दुसरी चूक फॉर्मालिनची, म्हणजे काढलेली गाठ टिकवण्याच्या द्रावाची. गाठ काढल्यावर तासाभरात, तिच्या दहापट आकारमानाच्या १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे आणि ६ ते ७२ तास राहिली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? आतड्याचा फूटभर तुकडा न उघडता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबला जातो आणि वर जेमतेम बुडेल इतके फॉर्मालिन ओततात. फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते, म्हणून आतली गाठ तोवर सडू लागते. मग काठावर रंग येतो, मध्यभागी येत नाही, आणि ‘प्रथिन नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. आतडे उघडून ठेवावे, स्तनाची गाठ ५ ते १० मिलिमीटरच्या अंतराने कापून ठेवावी. शनिवारी ऑपरेशन झाले आणि लॅब सोमवारी उघडणार असेल तर हे त्याच दिवशी केलेच पाहिजे. बफर नसलेले फॉर्मालिन स्वस्त पडते, पण ठेवल्या-ठेवल्या आम्लयुक्त होते आणि डीएनएचे तुकडे पाडते. त्या ब्लॉकवर पुढे जनुक-तपासणी केली तर ती एक तर फसते किंवा नसलेले बदल दाखवते. हाडातली बायोप्सी असेल तर हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरू नये, ईडीटीए वापरावे. वेळ लागतो, पण डीएनए वाचतो. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे फार महत्त्वाचे, कारण तो बहुधा हाडात पसरतो. ओलापॅरिब या गोळीच्या (तिच्याबद्दल पुढे) प्रोस्टेटवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही सुमारे ३० टक्के रुग्णांच्या नमुन्यांतून निकालच निघू शकला नव्हता.

रंग नीट आला की नाही हे ठरवायला स्लाइडमध्येच साक्षीदार असतो: गाठीभोवतीच्या लिंफोसाइट (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) आणि साध्या पेशी. त्यांतही रंग नसेल तर तपासणी फसली. प्रथिन गेले असे लिहिता येत नाही. आणखी एक बारकावा. गुदाशयाच्या रुग्णाला शेक आणि केमो देऊन मग ऑपरेशन केले असेल, तर उरलेल्या गाठीत एमएसएच-६ फिके दिसू शकते. म्हणून ही तपासणी उपचाराआधीच्या बायोप्सीवर करावी.

एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही जोडी गेलेली निघाली की लगेच घराण्याचा दोष म्हणू नये. वयस्कर रुग्णांत बहुतेक वेळा एमएलएच-१ चे जनुक नुसते मिथाइल या रासायनिक खुणेचे कुलूप लागून बंद झालेले असते. बीआरएएफ जनुकातला व्ही-६००-ई हा बदल किंवा एमएलएच-१ चे मिथिलेशन (म्हणजे हेच कुलूप) तपासले की उलगडा होतो. ते नसेल, किंवा एमएसएच-२, एमएसएच-६, एकटे पीएमएस-२ गेलेले असेल, तर रक्तावर जनुक-तपासणी करून लिंच सिंड्रोम, म्हणजे या प्रथिनांचा घराण्यातून आलेला दोष, आहे का ते पाहावे. असला, तर भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ चा दोष असलेल्यांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) २० ते २५ व्या वर्षापासून, दर एक ते दोन वर्षांनी करतात आणि पॉलिप (आतल्या अस्तरावरचा मस्सा) दिसला की तिथेच काढतात. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात हा बिघाड असेल तर नुसत्या ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिनच्या केमोचा फायदा होत नाही. म्हणजे चार रंगांची तपासणी कित्येकांची सहा महिन्यांची केमो वाचवते. आमच्या मते तिच्या बाजूने हा एकच मुद्दाही पुरेसा आहे.

दुसरा गट बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ चा. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर शेजारच्या जुळ्या प्रतीवरून हुबेहूब नक्कल करून जोड देण्याचे काम ही प्रथिने करतात. बीआरसीए-२ हे रॅड-५१ या मदतनीस प्रथिनाला तुटलेल्या टोकावर नेऊन बसवते. वृत्तपत्रांत यांना ‘कॅन्सरचे जनुक’ म्हणतात, ते उलटे आहे. ही जनुके सगळ्यांना असतात आणि कर्करोग थोपवतात. धोका ती बिघडण्यात आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ बिघडलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के. बीआरसीए-२ मध्ये हेच आकडे ६९ आणि १७.

बिघाड बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असतो, म्हणजे जनुकाची एक प्रत खराब आणि एक चांगली. चांगल्या एका प्रतीवर सगळ्या पेशींचे नीट चालते. एखाद्या पेशीतली तीही प्रत हरवली की तिथे गाठ सुरू होते. इथेच औषधाची किल्ली आहे. एक धागा तुटला की पार्प-१ हे प्रथिन तिथे धावते. ओलापॅरिबसारखे औषध पार्पला त्या जागीच अडकवून ठेवते. पेशी डीएनएची नक्कल करताना तिथे अडखळते आणि दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या मदतीने ते जोडते. गाठीच्या पेशीकडे बीआरसीए नाही, ती मरते. घरात नळ गेला तर विहीर असते, विहीर आटली तर नळ असतो. दोन्ही एकदम गेले की घर सोडावे लागते, तसे. ब्रिटनमधल्या दोन गटांनी २००५ मध्ये हे प्रयोगशाळेत दाखवले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी ओलापॅरिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. बीआरसीए बिघडलेल्या, वाढलेल्या अंडाशयाच्या कर्करोगात पहिल्या केमोनंतर दोन वर्षे ही गोळी दिली, तेव्हा सात वर्षांनी ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या. गोळी न मिळालेल्या गटात ४६.५ टक्के. या आजारात असे आकडे पाहायची सवय आम्हाला नव्हती.

म्हणून अंडाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची बीआरसीए तपासणी निदानाच्या वेळीच व्हावी. वय किती, घरात कोणाला होते का, हे पाहत बसू नये. दोष असलेल्या बऱ्याच जणींच्या घरात कोणालाच झालेला नसतो. गोळी प्लॅटिनमची केमो संपल्यावर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू करायची असते आणि रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागतात. शेवटच्या केमोच्या दिवशी रक्त पाठवले तर गाडी चुकण्याचीच शक्यता जास्त. रक्त आणि गाठ दोन्ही तपासावीत, कारण काही रुग्णांत बदल फक्त गाठीत असतो, रक्तात नाही. आणि लॅबला एक प्रश्न जरूर विचारावा: जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तुमच्या पद्धतीत तो दिसतो का? नसेल तर एमएलपीए ही वेगळी तपासणी लागते.

गोळी घेताना काय बिघडते ते सविस्तर सांगतो, कारण चिठ्ठीवर ते नसते. ओलापॅरिबच्या गोळ्यांचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे १५० च्या दोन-दोन गोळ्या. आधीच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा हिशेब वेगळा होता: ४०० मिलिग्रॅम दोनदा, दिवसाला सोळा कॅप्सूल. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत; दुकानदाराने ‘तेच औषध आहे’ म्हणून बदलून दिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळी चावू किंवा कुटू नये. एक डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नये. मूत्रपिंड मध्यम मंदावले असेल तर डोस २०० मिलिग्रॅम दोनदा. पहिले वर्षभर दर महिन्याला रक्ततपासणी हवीच, कारण हिमोग्लोबिन उतरणे हा सर्वांत नेहमीचा गंभीर त्रास आहे. ते ८ च्या खाली गेले तर गोळी थांबवून ते वर आल्यावर डोस कमी करून सुरू करतात. रक्त देऊन तोच डोस दामटत राहणे चूक. गोळी थांबवून चार आठवड्यांनीही रक्तपेशी सावरल्या नाहीत तर अस्थिमज्जेची तपासणी करावी. क्वचित, शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णाला, रक्ताचा कर्करोग उद्भवतो.

ओलापॅरिब यकृतातल्या ज्या एन्झाइमने विघटित होते त्यावर इतर औषधांचा परिणाम होतो. आपल्याकडे गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल सर्रास लिहिले जाते. त्याने ओलापॅरिब रक्तात साचते. ते टाळता येत नसेल तर ओलापॅरिबचा डोस १०० मिलिग्रॅम दोनदा इतका खाली आणावा लागतो. क्लॅरिथ्रोमायसिनचेही तेच, आणि फ्लुकोनॅझोल असेल तर १५० दोनदा. उलट क्षयाचे रिफॅम्पिसिन किंवा फिटचे फेनिटॉइन चालू असेल तर औषध झरझर निघून जाते आणि महागडी गोळी वाया जाते. त्वचारोगतज्ज्ञ, टीबीचा दवाखाना आणि कर्करोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून रुग्णाने औषधांची यादी खिशात ठेवावी. ग्रेपफ्रूट टाळायचेच आहे. पपनसातही तशीच द्रव्ये असतात, तेही नकोच.

गुण कायम राहीलच असे नाही. काही गाठी बीआरसीएमध्ये दुसरा बदल घडवून प्रथिन पुन्हा चालू करतात आणि मग पार्पची गोळीही चालत नाही, प्लॅटिनमही नाही. म्हणून आजार उलटल्यावर पाच वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर विसंबू नये. शक्य असेल तर नवी बायोप्सी घ्यावी. एचआरडी स्कोअर, म्हणजे गाठीच्या डीएनएवरून या दुरुस्तीच्या बिघाडाचा काढलेला आकडा, त्यालाही हीच मर्यादा आहे. पूर्वी दुरुस्ती बिघडली होती, याचे व्रण तो मोजतो. आज ती चालते की नाही, हे त्यातून कळत नाही.

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगातही प्रथिन नसण्याचाच फायदा होतो. एमजीएमटी हे दुरुस्तीचे प्रथिन टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाने केलेली इजा पुसून टाकते आणि तसे करताना स्वतः खर्ची पडते. त्याचे जनुक मिथिलेशनने बंद असेल तर औषध जास्त लागू पडते: २००५ च्या अभ्यासात अशा रुग्णांचे सरासरी आयुष्य नुसत्या शेकाने १५.३ महिने, औषधाची जोड दिल्यावर २१.७ महिने होते. तोंडाच्या कर्करोगात, जो आपल्याकडे पुरुषांत सर्वांत जास्त दिसतो, महागड्या जनुक-पॅनेलवर (एकदम अनेक जनुकांच्या तपासणीवर) सहसा उपचार ठरत नाही. तिथे तो खर्च करायला लावणाऱ्यांना ‘याने माझे औषध बदलणार का’ असे सरळ विचारावे. आणि बाजारात ‘डीएनए रिपेअर’ म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूलनी यांतले एकही प्रथिन परत येत नाही.

रिपोर्टमध्ये ‘महत्त्व अनिश्चित’ असा बदल आला तर त्यावरून स्तन किंवा अंडाशय काढू नयेत, नातेवाइकांची तपासणीही करू नये. भारतीयांची जनुकीय माहिती जागतिक संग्रहांत कमी असल्याने असे बदल आपल्याकडे जास्त निघतात. लॅबकडे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारणा करावी, पुष्कळदा ते निरुपद्रवी ठरतात.

घराण्याचा इतिहास सांगताना मावशीचे सांगितले जाते, आत्याचे राहून जाते. दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आजोबांचा प्रोस्टेट, चुलत्यांचे स्वादुपिंड, आत्याचा स्तन, सगळे कागदावर आले पाहिजे. कुटुंबात बदल एकदा निश्चित सापडला की बाकीच्यांची फक्त तेवढी एकच जागा तपासायची असते, ते बरेच स्वस्त पडते. ‘मुलीचे लग्न ठरायचे आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवणारी घरे आहेत. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही, पण बीआरसीए-१ मध्ये अंडाशय ३५ ते ४० च्या दरम्यान काढण्याचा सल्ला असतो, आणि स्तनांच्या एमआरआयची तपासणी २५ पासून. अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी मात्र करू नये.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. जिल्हा रुग्णालयांच्या बायोप्सीच्या अर्जावर ‘गाठ काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मालिनमध्ये ठेवल्याची वेळ’ असे दोन रकाने छापावेत, खर्च शून्य. आतडे आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या प्रत्येक कर्करोगावर चार प्रथिनांची आयएचसी, आणि अंडाशयाच्या प्रत्येक रुग्णाला बीआरसीए तपासणी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव घेऊन समाविष्ट करावी. तिसरी ब्लॉकबद्दल: रुग्ण दुसऱ्या गावी उपचाराला जाताना ब्लॉक मागतो तेव्हा तो पावती घेऊन, खोक्यात बंद करून द्यावा, आणि रुग्णाने तो मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळते, आणि उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड त्याहून तापतो.

आपले,
एक पॅथॉलॉजिस्ट व एक कर्करोगतज्ज्ञ, पुणे